मंत्र्यांच्या कार्यकाळापुरती

मंगळवार, तारीख ४

भिंगरे,

सगळ्यात आधी आली ती वरच्या मजल्यावरची शिवणवाली. गळ्यात टेप तशीच लटकलेली आणि तोंडात टाचण्या. टाचण्या काढल्याशिवाय बोलता येईना, आणि दोन्ही हातांत पेपर म्हणून टाचण्या काढता येईनात. नुसती "अं, अं" करत मान हलवत होती. मला वाटलं हिला टाचणी टोचली की काय. शेवटी मीच तिच्या तोंडाखाली वाटी धरली. सगळ्या टाचण्या वाटीत पडल्या आणि मग बाई ओरडली, "आजी, तुमच्या भिंगरीचं नाव छापून आलंय!"

मी तिला वाचू दिलं नाही. म्हटलं, दे इकडे, मला येतं वाचता. तिसऱ्या रांगेत, वरून सातवं. बोट ठेवून वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. तुझं नाव, तुझ्या मंत्र्यांचं खातं, श्रेणी दोन, आणि पुढे पगार. कोणत्या मंत्र्याकडे कोण विशेष सल्लागार आहे आणि त्याला किती पगार मिळतो, हे सरकारला दर वर्षी छापावंच लागतं म्हणे. आकडा मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहेच, आणि पत्र कुणाच्या हाती पडलं तर उगाच डोळे मोठे व्हायचे.

शिवणवाली विचारते, "दुसरी श्रेणी म्हणजे वरून दुसरी की खालून?" मी म्हटलं, "आमच्याकडची आहे ना, मग वरूनच." खरं काय ते तूच कळव.

तिच्यामागून तळमजल्यावरचे रिटायर पोस्टमन आले. त्यांना सगळं नीट समजून घ्यायची सवय. म्हणाले, "विशेष सल्लागार म्हणजे नक्की करते काय?" मी म्हटलं, "मंत्र्यांना सांगते, हे बोला, हे बोलू नका, हे बोललात तर उद्या निस्तरावं लागेल." शिवणवाली म्हणाली, "आमच्या घरातल्याला एक लावून द्या ना, पगार मी देते!" पोस्टमन इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुपारपर्यंत अकरा माणसं येऊन गेली. साखर संपली. मग शिवणवालीकडूनच वाटीभर आणली आणि तिलाच तिच्या साखरेचा चहा पाजला. टाचण्यांची वाटी तेवढी आधी धुतली, घाबरू नकोस.

पाच वाजता तुझा बाप आगारातून आला. मी पेपर टेबलावर असा पसरून ठेवला होता की जेवायचं ताट ठेवायलाही जागा नको. त्याने उभ्या उभ्या वाचलं. हात ग्रीसने माखलेले, तरी पेपरला डाग लागू दिला नाही, नुसता वाकून वाचत राहिला. यादीच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती, ती मी वाचलीच नव्हती. त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि त्या ओळीखाली रेघ मारली. "वरील सर्व नेमणुका संबंधित मंत्र्यांच्या कार्यकाळापुरत्या असून मंत्रिपद संपताच संपुष्टात येतील."

"हे वाचलंस का, आई?"

म्हटलं, "अक्षर फार बारीक आहे रे."

"मुद्दाम बारीक ठेवतात," म्हणाला आणि हात धुवायला गेला.

पेपर मी घडी करून माझ्या गादीखाली ठेवलाय. रेघ मारली म्हणून काय झालं, नाव तर आहे.

फोनवर हे सगळं बोलता आलं नसतं, फोन त्याच्या खिशात असतो. तुझा पत्ता तुझ्या आईने गुपचूप लिहून दिला. तिने दुकानातल्या पावतीच्या मागे लिहिलाय, म्हणजे बापाला दिसला तरी पावतीच वाटेल. एवढं चोरून वागायची वेळ आपल्या घरावर येईल असं वाटलं नव्हतं. दोन वर्षं होत आली. कॉलेजातली कायमची नोकरी सोडून तू मंत्र्यांकडे निघालीस तेव्हा तो जे बोलला, ते मी ऐकलं होतं. "खुर्ची गेली की इथे रडत येऊ नकोस." तू चपला हातात घेऊनच जिना उतरलीस, घालायलाही थांबली नाहीस. ते बोलणं त्याच्या पोटातलं नव्हतं गं. कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आज नको. आज आनंदाचा दिवस आहे.

तुझी आजी

ता. क. नोकरीच्या अटींत कामाचे तास "आवश्यकतेनुसार" असतात, असं पोस्टमन म्हणाले. तुझ्या आजोबांचेही तसेच होते. जेवत जा वेळेवर.


रविवार, तारीख २३

भिंगरे,

शुक्रवारी सकाळी रेडिओवर सांगितलं. मी डाळ निवडत होते. तुझ्या मंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणे, का दिला ते मला नीट कळलं नाही. तुझ्या बापाने रेडिओ बंद केला. मग परत लावला. मग बंद केला आणि डबा न घेताच आगारात गेला. एकतीस वर्षांत तो डबा विसरलेला मी पाहिला नव्हता.

तुझा फोन लागत नाही. तुझी आई दिवसातून चार वेळा दुकानातून लावते. तू कुठे आहेस? खोली तुझ्या नावावर आहे की सरकारी आहे, ती सोडावी लागली का, जेवलीस का, यातलं मला काहीच माहीत नाही. पाकिटावरच्या पत्त्यावर तुझी मैत्रीण राहते असं आई म्हणते, म्हणून या वेळी तिथे पाठवते.

तुझ्या बापाचं सांगते. काल सुट्टी होती, त्याने तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी बदलली. मी विचारलं तर म्हणाला, वारा येतो. मी म्हटलं, दोन वर्षं वारा पडला होता वाटतं? नंतर पलंगाचा हलणारा पायही ठोकून बसवला. मी काय ते समजले, पण तोंड मिटून बसले, आणि मला तोंड मिटायला किती जड पडतं ते तुला माहीत आहे.

आता सांगते ते नीट ऐक. दोन दिवस लिहिते आणि फाडते आहे.

तुझे आजोबा मंत्र्यांची गाडी चालवायचे हे तुला माहीत आहे. नऊ वर्षं चालवली. पहाटे निघायचे, साहेब झोपले की यायचे. सीट फार कडक म्हणून मी त्यांना जाड खादीची एक उशी शिवून दिली होती, आत जुनी रजई भरली होती. ती गाडीतच असायची. आणि एके दिवशी ते भर दुपारी चालत घरी आले. काखेत ती उशी. साहेब सकाळी पायउतार झाले होते. फाटकावरच्या माणसांनी गाडीची चावी काढून घेतली आणि म्हणाले, तुमचं जे काही असेल ते घेऊन जा. त्यांचं असं गाडीत उशी सोडून काही नव्हतंच. तुझा बाप तेव्हा चौदा वर्षांचा होता. शाळेतून येत होता, त्याने रस्त्यातच पाहिलं. शेजारपाजारची माणसं बाहेर उभी होती.

एवढं तुला बापाने सांगितलंय. पुढचं त्याला जे माहीत आहे ते खरं नाही.

मंत्री गेले म्हणून ज्यांची नोकरी गेली, त्यांना दोन महिन्यांचा पगार द्यायचा आणि सरकारी गाड्यांच्या ताफ्यात घ्यायचं, असा नियम तेव्हाही होता. बाकीचे ड्रायव्हर लागले. तुझे आजोबा लागले नाहीत. कारण त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, "स्वेच्छेने नोकरी सोडत आहे." खाली सही. तुझा बाप आजही समजतो की त्यांनी घाबरून सही केली, मान खाली घातली. त्यानंतर तो त्यांच्याशी कधी मोकळेपणाने बोलला नाही. शाळा सोडून गॅरेजमध्ये गेला तो त्याच वर्षी.

सही मी केली होती.

ऑफिसातला एक माणूस आला होता. गोड बोलायचा, वहिनी वहिनी करत होता. हे तापाने फणफणून झोपलेले. म्हणाला, झोपू द्या त्यांना, घरच्या कुणाचीही चालेल, नुसती पोच आहे. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. नाव तेवढं लिहायला शिकले होते, नुकतीच शिकले होते, आणि ते लिहून दाखवायची मला फार हौस. अंगठा नको, पेन द्या, म्हणाले मी. त्याने दिलं. मी जीभ बाहेर काढून, सावकाश, शिरोरेघ नीट ओढून नाव लिहिलं. त्याला चहासुद्धा केला.

हे उठल्यावर मी कौतुकाने सांगितलं. त्यांनी कागदाची दुसरी प्रत वाचली. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "अक्षर छान आलंय तुझं." एवढंच. तुझ्या बापाने विचारलं तेव्हा म्हणाले, "मी केली सही." शेवटपर्यंत दुसऱ्याचा टेम्पो चालवला, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी बायकांच्या वर्गाला जायला लागले. तुझ्या बापाला वाटतं, मला पेपर वाचायचा होता.

त्याला मी चाळीस वर्षांत सांगितलेलं नाही. तुला का सांगते, तर तू त्याचं बोलणं मनात धरून बसली आहेस म्हणून. तो तुझ्यावर नाही चिडला. तो त्या काखेतल्या उशीवर चिडलाय.

एक ओळ तरी लिही.

तुझी आजी


सोमवार, तारीख ७

भिंगरे,

तुझं कार्ड गुरुवारीच मिळालं. "आजी, मी ठीक आहे. घरी येणार नाही. बाबांचं खरं झालं." ते मी टेबलावर ठेवलं होतं. चुकून ठेवलं असं मी तुझ्या बापाला सांगितलं. त्याने वाचलं, उलटून पाहिलं, मागे काही आहे का ते बघितलं आणि होतं तसं ठेवलं.

आता आजचं ऐक. हे पत्र तू वाचता वाचता पिशवी भरायला घे.

सकाळी दहा वाजता बेल वाजली. दारात दोघं. एक जाडे साहेब, जिना चढून दम लागलेला, काखेत छत्री, बाहेर लख्ख ऊन. आणि त्यांच्याबरोबर तुझ्याएवढी एक मुलगी, छातीशी फाइल. म्हणाले, तुमच्या नातीच्या ऑफिसातून आलो, तिचा कायमचा पत्ता हाच लिहिलाय. मला इतकं बरं वाटलं! कायमचा पत्ता! मी लगेच बसवलं, पंखा लावला. शिवणवाली जिन्यातून डोकावली, तिला डोळ्यांनीच वर पाठवलं.

साहेब फार चांगलं बोलत होते. तुझं कौतुक करत होते. हुशार मुलगी, कष्टाळू मुलगी. मी फुलून गेले. तुझं लहानपण सांगितलं, भिंगरी नाव कसं पडलं ते सांगितलं. ते मान डोलवत होते आणि घड्याळ बघत होते. मग फाइलमधून कागद निघाला. "आजी, नात सापडत नाही. घरच्या कुणीही इथे सही केली तरी चालेल. नुसती पोच आहे."

पेन पुढे केलं.

भिंगरे, माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला आणि मला काही ऐकूच येईना. तेच शब्द गं. घरच्या कुणाचीही चालेल. नुसती पोच. मी पेन घेतलं. खरं सांगते, हात गेला. पाहुणे घरी आलेले, गोड बोललेले, आणि मला सही करता येते. हात आपोआप गेला.

मग मी म्हटलं, "चष्मा मुलाकडे राहिलाय." चष्मा नाकावरच होता. साहेब माझ्या नाकाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "हा लांबचा आहे." आणि त्या मुलीला म्हटलं, "बाळ, तू वाच बरं मोठ्याने."

तिने साहेबांकडे पाहिलं, मग वाचायला लागली. पहिल्या दोन ओळी भराभर वाचल्या. तिसरीला तिचा आवाज बारीक झाला. "...मी माझ्या पदाचा स्वेच्छेने त्याग करीत असून..."

"थांब," म्हटलं. "परत वाच."

तिने परत वाचलं.

म्हटलं, "पुढे काय लिहिलंय?" पुढे होतं की ही पोच मिळाल्यापासून दहा दिवसांत काही लेखी आलं नाही तर मजकूर मान्य आहे असं धरलं जाईल. म्हणजे माझी सही झाली की दहा दिवस मोजायला लागणार, आणि तू कार्डावर एक ओळ लिहायला दहा दिवस घेतेस!

मी उठले. साहेबांना वाटलं मी चहा आणायला गेले. मी आत जाऊन गादीखालचा पेपर आणला. तुझ्या बापाने रेघ मारलेला. त्यांच्यापुढे पसरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, "हे तुम्हीच छापलंय ना? नेमणूक मंत्र्यांच्या कार्यकाळापुरती. मंत्रिपद संपताच संपुष्टात. म्हणजे माझी नात गेली नाही, तुमचे मंत्री गेले. मग हिची इच्छा यात कुठून आली?"

साहेब म्हणाले, "आजी, या ऑफिसच्या गोष्टी आहेत."

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याची नोकरी पण ऑफिसच्याच गोष्टीत गेली." आणि मुलीला विचारलं, "मंत्री गेले म्हणून जिची नोकरी जाते तिला काय मिळतं?"

ती खाली बघून म्हणाली, "तीन महिन्यांचा पगार."

"आणि स्वेच्छेने गेली तर?"

तिने तोंड उघडायच्या आत साहेबांनी छत्री उचलली. मी म्हटलं, सही होणार नाही, कागद ठेवून जायचा तर ठेवा, नाहीतर माझा मुलगा घरी असेल तेव्हा या. त्यांनी कागद फाइलमध्ये घातला. जाताना ती मुलगी दारात मागे राहिली, चप्पल घालायचं निमित्त करून. हळूच म्हणाली, "आजी, तिला सांगा, नेमणुकीच्या पत्राची तिची प्रत घेऊन ये. त्यात तिसऱ्या पानावर सगळं आहे." आणि खाली पळाली. चांगली मुलगी आहे. तिचाही जो कोणी मंत्री असेल, त्याला जपून राहा म्हणावं.

ते गेल्यावर मी खुर्चीत बसले ती पाच वाजेपर्यंत. शिवणवाली आली, तिला सुद्धा काही सांगितलं नाही. तिला वाटलं मला बरं नाही.

तुझा बाप आला. हात धुऊ दिले. मग सगळं सांगितलं. आजचं आधी सांगितलं. तो तापला, कोण होते, कुठे गेले, आपण आत्ता जाऊ. मी म्हटलं, बस, अजून आहे. आणि चाळीस वर्षांपूर्वीचं सांगितलं. उभीच होते, बसून सांगता आलं नसतं.

तो म्हणाला, "बाबांनी सही केली नव्हती?"

"नाही. मी केली."

"मग मला तसं का सांगितलं त्यांनी?"

म्हटलं, "माझ्यावर कुणी चिडू नये म्हणून. तू त्यांच्यावर चिडलास ते त्यांनी चालवून घेतलं."

तो उठून गॅलरीत गेला. मला वाटलं, संपलं, आता हा माझ्याशीही बोलणार नाही, आणि बोलला नाही तर चूक त्याची नाही. तुझी आई कामावरून आली, तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग तो आत आला, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढला. डबे सरकवल्याचा आवाज. खाली आला तेव्हा हातात ती उशी होती. मी ती टाकून दिली नव्हती, पण ती तिथे आहे हे त्याला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. गॅलरीत नेऊन त्याने ती झटकली. झटकताना त्याची पाठ हलत होती. धूळ फार होती गं, चाळीस वर्षांची, असं मी तुझ्या आईला म्हटलं.

नंतर हात धुऊन आला आणि माझ्यासमोर बसला. म्हणाला, "तिला लिही."

मी वही घेतली. "काय लिहू?"

"लिही, बाबा म्हणतात..." आणि अडला. टेबलावरचं तुझं कार्ड उचललं, परत वाचलं. मग म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिते, त्याने समोर बसून लिहून घेतलंय: "रडत येऊ नकोस म्हणालो होतो. ते मी चुकीच्या माणसाला म्हणालो. रडत ये, नाहीतर भांडत ये, पण बुधवारी रात्रीच्या आत ये. तिसरं पान घेऊन ये."

हे पाकीट पोस्टात टाकायचं नाही म्हणतो, पोस्ट उशीर करेल. उद्या पहाटे तिकडे जाणाऱ्या पहिल्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात तो स्वतः देणार आहे, आणि ड्रायव्हर स्टँडवरून थेट तुझ्या मैत्रिणीच्या दारात. ड्रायव्हर माणूस आहे, पोचवेल. परतीची बस बुधवारी सकाळी आठला सुटते. पुढची दोन नंबरची जागा तुझ्यासाठी ठेवायला सांगितलीय. त्याने रजेचा अर्ज लिहिला, कारण लिहिलं, "घरी पाहुणे." खुर्च्या आत्तापासून मांडून ठेवल्यात, दोन त्यांच्या, दोन आपल्या बाजूच्या. आपल्या बाजूच्या एकीवर ती उशी घातलीय. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

साहेब जाताना दारात म्हणाले, आम्ही परत येऊ. मी म्हटलं, दिवस सांगा. म्हणाले, गुरुवारी, अकरा वाजता.